समजा, एक बाई आहे

इथे वेल्समध्ये आमच्या गल्लीत लोक दर वर्षी गॅस-विजेची कंपनी बदलतात, तसे अमोलिक काका चर्च बदलतात. फरक इतकाच, की लोक स्वस्त काय ते बघतात आणि काका खात्रीचं काय ते.

उपासना संपली की पाळक दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात. बाकीचे लोक ‘लव्हली सर्व्हिस’ म्हणतात, छत्री उघडतात आणि निघतात. काका हात मिळवतात तो सोडतच नाहीत. समोरच्याचा पंजा आपल्या दोन्ही पंजांत धरून ते विचारतात, “रेव्हरंड, सपोज देअर इज अ लेडी.”

समजा, एक बाई आहे. सत्तरीच्या पुढची. तिने कुणाचं वाकडं केलेलं नाही. प्रभूवर तिचा राग नाही, पण विश्वासही नाही. तर तिचं तारण होणार की नाही? येस ऑर नो?

मागे रांग खोळंबते. पाळक बिचारे म्हणतात, हा मोठा विषय आहे, एखाद दिवशी कॉफीला भेटू. काका मान हलवतात आणि हात सोडतात. गाडीत बसल्यावर मला सांगतात, “ब्लर आलं, मीनल. परत काढावं लागेल.”

काका आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर होते. रिटायर होऊन जमाना झाला, तरी जग त्यांना अजून एक्स-रेच्या काचेवरच दिसतं. उत्तर नीट मिळालं नाही तर ‘ब्लर’. चर्चेत कुणी विषय बदलला तर “हलू नका.” आमच्या घरी एकदा वादात माझा नवरा सोफ्यावरून उठायला लागला, तर काकांनी त्याला इतक्या सवयीने “हलू नका, श्वास धरून ठेवा” म्हटलं, की तो खरंच अर्धवट उठलेला तसाच राहिला.

ते मूळचे नगरचे. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात आणि ‘तारण’ हा शब्द आपण ‘पाणी’ म्हणावं तितक्या सहज वापरतात. आम्ही त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो तेव्हा काका आणि कुंदाकाकू पहिल्यांदा चहाला आले. काका बशीत चहा ओतत गंभीरपणे म्हणाले, “शेवटी काय, तारणाचा प्रश्न सगळ्यात मोठा.”

माझा नवरा समीर बँकेत, मॉर्गेजच्या खात्यात. तो सरसावून बसला. “घर दोघांच्या नावावर आहे का?”

“कुठलं घर?”

“तारण ठेवलंय ते.”

काकूंना इतकं हसू आलं, की त्यांनी कप खाली ठेवला. “अहो समीर, यांचं तारण वरच्या बँकेतलं,” त्या म्हणाल्या. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, “शब्द बरोबर आहे. कागद पक्के हवेत, हे दोन्हीकडे खरं.”

कुंदाकाकू हिंदू. मिरजेला नर्सिंग शिकत असताना त्यांची आणि काकांची गाठ पडली. लग्न रजिस्टर झालं. काकूंच्या वडिलांनी बरीच वर्षं नाव टाकलं होतं, काकांच्या आईने बरीच वर्षं फक्त गरजेपुरतं बोलणं ठेवलं होतं. दोघांनी आपापसात एवढंच ठरवलं, की तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. मूलबाळ झालं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकूंचा गणपती, समोरच्या भिंतीवर काकांचा क्रूस, आणि मधे टोस्टर. इतक्या वर्षांत तिथे कुणाचं भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. टोस्टरवरून झालंय.

काकांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांचं ड्रायव्हिंग बंद झालं. रविवारी सकाळी माझ्या मुलीचा, इराचा, स्विमिंगचा क्लास असतो. तिला सोडून मला वेळ असायचा, म्हणून मी म्हटलं, काका, मी नेते तुम्हाला. मला वाटलं होतं, एका चर्चला नेऊन आणायचं. पुढच्या रविवारी ते दुसरा पत्ता घेऊन उभे. इरा मागच्या सीटवरून विचारायची, “काका, आज कोणती चर्च?” मराठीत तिची लिंगं कायम चुकतात, पण प्रश्न बरोबर होता.

गाडीत थंडीत बसून राहण्यापेक्षा मी आत जायला लागले. असं करता करता, घरात सत्यनारायणही न घालणारी मी, या शहरातल्या बहुतेक चर्चचा चहा प्यायले आहे. तारणाबद्दल त्यांची मतं काय वाटेल ती असोत, चहाच्या बाबतीत सगळे एका पंथाचे आहेत. पातळ.

एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या चर्चमध्ये ड्रम होते आणि पाळक जीन्समध्ये. तो पोरगेला पाळक इतका प्रेमळ, की काकांनी हात धरल्यावर त्याने उलट काकांना मिठीच मारली. म्हणाला, फक्त विश्वास. कर्मं नकोत, विधी नकोत, मनापासून एकदा ‘ये’ म्हटलं की झालं. त्या बाईला घेऊन या. काका म्हणाले, “ती येणार नाही. रविवारी तिचे धिरड्याचे बेत असतात.” पाळकाला धिरडं समजावून सांगण्यात प्रश्न वाहून गेला.

एका मेथडिस्ट आजीबाईंनी सांगितलं, की मिळालेलं तारण माणूस आपल्या वागण्याने गमावूही शकतो. काका हादरले. “म्हणजे व्हिसासारखं? मिळालं तरी जपायचं?” त्याच्या पुढच्या रविवारी एका छोट्या, रंग उडालेल्या चॅपलमधल्या वृद्ध एल्डरनी सांगितलं, की देवाने एकदा निवडलं की निवडलं, ते कधी जात नाही. काका खूश. “ही खरी इंडेफिनिट लीव्ह, कायमचं राहायचा परवाना.” पण मग त्या गृहस्थांनी पुढे सांगितलं, की कुणाला निवडायचं हे जग निर्माण व्हायच्या आधीच ठरलेलं आहे.

“मग मी इथे विचारायला कशाला आलो?” काका म्हणाले.

“तुम्ही येणार, हेही ठरलेलं होतं,” एल्डर शांतपणे म्हणाले.

या उत्तराने काका आठवडाभर भारावले होते. सगळं आधीच ठरलेलं आहे म्हटल्यावर मंगळवारी त्यांनी कचऱ्याची बिनं रस्त्यावर न्यायला नकार दिला. जायची असतील तर जातील, म्हणाले. भिंतीपलीकडून मला काकूंचा आवाज ऐकू आला. “ठरलेलंच आहे. मी ठरवलंय. न्या.” बिनांची चाकं खडखडत रस्त्यावर गेली आणि काकांचा तो पंथ तिथेच संपला.

बॅप्टिस्टांकडे वेगळंच निघालं. काकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, डोक्यावर चार थेंब. बॅप्टिस्ट पाळक अतिशय अदबीने म्हणाले, आमच्या मते माणसाने जाणतेपणी, स्वतःच्या इच्छेने पाण्यात उतरावं. काकांनी विचार केला आणि रिस्क नको म्हणून पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. स्टेजखाली टाकी, त्यात कमरेएवढं कोमट पाणी. काकू पहिल्या रांगेत मांडीवर टॉवेल आणि थर्मास घेऊन बसल्या होत्या. पाळकांनी काकांना मागे झुकवून पाण्यात बुडवलं तेव्हा अख्खं चर्च भावुक होऊन बघत होतं. काकू उठून उभ्या राहिल्या आणि मराठीत म्हणाल्या, “अहो, कानातलं मशीन काढलंत का?”

काढलं नव्हतं. नवीन येईपर्यंत तीन-चार रविवार प्रवचनं वाया गेली.

मार्चच्या सुरुवातीला, सेंट डेव्हिड्स डेच्या सुमारास, एका अँग्लिकन व्हिकारबाईंनी मात्र हात सोडवून न घेता, काकांच्या डोळ्यांत बघत उत्तर दिलं, “देव शेवटी सगळ्यांनाच घरी आणेल, अशी माझी आशा आहे.” मला वाटलं, आता मिळालं उत्तर. गाडीत मी म्हटलं, “काका, छान बोलल्या ना?”

“सगळेच?” ते म्हणाले. “आमच्या डिपार्टमेंटचा सुपरवायझर होता, तोसुद्धा?” थोड्या वेळाने म्हणाले, “आणि नुसती आशा आहे त्यांची. आशा मलाही आहे.”

हे सगळं मी लोकांना हसत सांगायचे. ती बाई कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. वादात द्यायचं उदाहरण असेल, असं धरून चालले होते.

मग आम्ही कॅथलिक चर्चला गेलो. तिथले फादर वयस्कर, आवाज खोल आणि सावकाश. त्यांनी काकांना बाजूच्या बाकावर बसवलं, स्वतः बसले आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना प्रभू कळलाच नाही, पण जे आपल्या सद्सद्विवेकाने चांगलं जगले, त्यांनाही देवाच्या दयेचा दरवाजा बंद नाही, अशी आमची शिकवण आहे. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी फादरचा हात इतका वेळ हलवला, की मी मधे पडले.

गाडीत बसले आणि सिग्नलपर्यंत पोचायच्या आत त्यांचा चेहरा पडला.

“काय झालं काका?”

“न कळलेल्यांना सूट आहे,” ते म्हणाले. “हिला सगळं कळलंय.”

“कुणाला?”

“कुंदाला. दुसऱ्या कुणाला?” ते खिडकीबाहेर बघत होते. “लग्नापासून रोज सकाळी मी मोठ्याने शास्त्रवाचन करतो. ती भाजी चिरत ऐकते. मी ओळ गाळली तर ती सांगते. माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे तिला. आता ती माहीत नव्हतं कसं म्हणणार? चूक माझी आहे, मीनल. मी मनातल्या मनात वाचायला हवं होतं.”

सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा हॉर्न देत होता.

दुसऱ्या दिवसापासून काका मनातल्या मनात वाचायला लागले. काकूंनी मला कुंपणावरून विचारलं, “यांचा घसा बसलाय का गं? औषध घेत नाहीत.” काकू कोथिंबिरीची पानं खुडत म्हणाल्या, “सकाळी घर फार शांत वाटतं.”

त्या हिवाळ्यात काकूंना धाप लागायला लागली. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायच्या आणि ‘पायरी पुसतेय’ असं सांगायच्या. आयुष्यभर वॉर्डात काम केलेली बाई, तिला सगळं माहीत होतं. हृदयाची झडप बदलावी लागणार, असं निघालं. ऑपरेशनची तारीख मिळाली. काकांनी त्या दिवसांत एकाही पाळकाला काही विचारलं नाही. रविवारी मी दारात गाडी लावली तर म्हणाले, “आज नको. हिच्याबरोबर बसतो.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी काकांना घेऊन वॉर्डात गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या आणि पलीकडच्या कॉटवरच्या वेल्श बाईंशी, मिसेस प्रॉसरशी, त्यांची गट्टी जमलेली दिसत होती. प्रॉसरबाई नव्वदीच्या जवळच्या, मांडीचं हाड मोडलेल्या, आणि सगळा वेळ बारीक आवाजात वेल्शमध्ये काहीतरी गुणगुणत असायच्या.

काकूंनी काकांना जवळ बोलावलं. मी उठायला लागले, तर मला म्हणाल्या, “तू बस गं.” मग काकांना म्हणाल्या, “अहो, इथे हॉस्पिटलचे पाळक येतात, चॅप्लेन. सकाळी भेटून गेले. बोलवा त्यांना. टाकू देत पाणी माझ्या डोक्यावर.”

काकांनी खुर्ची कॉटजवळ ओढली.

“तुमच्या जिवाला घोर नको,” काकू म्हणाल्या. “मला काय, चार थेंब. आंघोळ तशीही धड झाली नाहीये.”

मला वाटलं, झालं. एवढी चर्च पालथी घातली, एवढे हात धरून ठेवले, आणि उत्तर घरातूनच आलं. काका आता धावतच जातील.

काकांनी विचारलं, “तुझा विश्वास आहे?”

“माझा तुमच्यावर आहे.”

“तसा नाही चालत.”

“मग हो म्हणते की. कोण तपासणार आहे?”

काका बराच वेळ चादरीची घडी सरळ करत होते. मग म्हणाले, “नको. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. आता देवाशी बोलू नकोस. तेसुद्धा माझ्यासाठी.”

“आणि उद्या काही झालं तर?”

“तर मी बघून घेईन,” काका म्हणाले. कुणाकडे बघून घेणार, ते त्यांनी सांगितलं नाही. आवाज मात्र, रिसेप्शनवर जाऊन मॅनेजरला बोलवा म्हणणाऱ्या माणसाचा होता.

काकू हसल्या. डोळे मिटून म्हणाल्या, “मग वाचा तरी काहीतरी. मोठ्याने. बरेच दिवस झाले.”

काका घोटाळले. मला त्यांची अडचण कळत होती. वाचावं तर आणखी कळणार. सूट उरलीसुरली तीही जाणार. न वाचावं तर ही अशी समोर पडलेली. त्यांनी शास्त्र उघडलं, भिंग काढलं, पानं मागे-पुढे केली, आणि शेवटी वंशावळीचा एक अध्याय लावला. अमक्यास तमका झाला, तमक्यास फलाणा झाला. नुसती नावं. त्यात ना तारण, ना पाप, ना निवाडा. कळण्यासारखं काहीच नाही, फक्त काकांचा आवाज. ते एकेक नाव सावकाश, एखाद्या गोष्टीसारखं वाचत होते. दोन पिढ्या झाल्यावर काकूंनी डोळे न उघडता एक नाव दुरुस्त केलं. आणखी काही पिढ्यांनी त्यांना झोप लागली. प्रॉसरबाईही गुणगुणायच्या थांबून ऐकत होत्या.

काका वाचायचे थांबले नाहीत. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, तिलाही त्यांनी हाताने ‘हलू नका’ अशी खूण केली आणि तो वंश पूर्ण केला.

ऑपरेशन नीट पार पडलं. काकूंना घरी यायला वेळ लागला, मधे एकदा ताप आला, तेव्हा काकांनी जेवण सोडलं होतं आणि समीरने त्यांना दटावून वरणभात खायला घातला. वसंत ऋतू लागेपर्यंत काकू बागेत दिसायला लागल्या.

मे महिन्यात एका शनिवारी काकू स्वतःच माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, “उद्या मलाही ने. प्रॉसरबाईंनी बोलावलंय त्यांच्या चॅपलला. गाणं फार छान असतं म्हणे.”

चॅपल गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर. आत दहा-बारा म्हातारी माणसं, आणि सगळी उपासना वेल्शमध्ये, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रवचन वेल्श, प्रार्थना वेल्श, नोटिसासुद्धा वेल्श. मी काकांकडे बघत होते. आता हा माणूस कुणाचा हात धरणार आणि काय विचारणार? पण काका मांडीवर हात ठेवून निवांत बसले होते. गाणं सुरू झालं. एवढ्याशा माणसांचा आवाज त्या छतापर्यंत कसा भरून राहत होता, देव जाणे. काकू उभ्या राहून शब्दांशिवाय सूर धरत होत्या. काकांनी गीतांचं पुस्तक दोघांमधे धरलं होतं, आणि स्वतःला अक्षर दिसत नसताना, जिथे असेल असं वाटेल तिथे बोट फिरवत होते.

दारात मिनिस्टरांनी हात पुढे केला. काकांनी तो मिळवला आणि लगेच सोडला. मला नवल वाटलं.

तेव्हापासून ते दोघं तिथेच जातात. चर्च बदलणं थांबलं. एकदा प्रॉसरबाईंशी बोलत काकू मागे राहिल्या होत्या, तेव्हा मी गाडीत काकांना विचारलं, इथलं काय पटलं तुम्हाला?

“उत्तम जागा आहे,” काका हळू आवाजात म्हणाले. “ती सगळं ऐकते, आणि तिला काही म्हणजे काही कळत नाही.”

परवा परतीच्या वाटेवर काकू मागच्या सीटवर बसून प्रॉसरबाईंकडून शिकलेला एकेक वेल्श शब्द घोळवत होत्या. पाऊस, भाकरी, दार, घर. बरेच जमले होते. काकांच्या खांद्यांवरून मला दिसत होतं, की ते अस्वस्थ झालेत. शेवटी त्यांना राहवेना. पुढे बघतच म्हणाले, “कुंदा, फार शिकू नकोस हां. कळायला लागेल.”

मग काकू म्हणाल्या, “कळलं तरी तुम्हाला सांगणार नाही.”

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. घर येईपर्यंत पुसत होते.